अल्टरनेटरला हात लावून बघ

दोन महिन्यांत तुझे दोन फोन आले. पहिला, "मामा, बॅटरी गेली." दुसरा, "मामा, नवीसुद्धा गेली." पहिल्या वेळी तू दुकानात उभी राहूनच बोलत होतीस आणि पैसे देऊन झाले होते, म्हणून मी एवढंच म्हणालो की जुनी बॅटरी तिथं टाकून येऊ नकोस, डिकीत घालून आण. दुसऱ्या वेळी म्हणालो, गाडी कडकोळला घेऊन ये, रात्रभर अंगणात राहू दे आणि सकाळी सहाच्या आत उठ. का, ते त्या दिवशी तुला दिसलंच. पण घाईत निम्मं सांगायचं राहिलं. तुला रोज म्हैसूरहून नंजनगूडला जायचंय, माझं घर त्या वाटेवर मधेच असलं तरी दर वेळी मामा हाताशी असेलच असं नाही. म्हणून लिहितो.

आधी नावाचा घोळ. इथले जुने मिस्त्री काय, आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातले काय, अल्टरनेटरला अजून 'डायनामा' म्हणतात. मी उद्यमनगरात वस्तादाच्या हाताखाली शिकलो तेव्हा अँबॅसिडर आणि फियाटला खरोखरच डायनामा असायचा. त्याची खोड अशी की इंजिन संथ चालत असलं की तो चार्जिंगच करायचा नाही. रात्री चौकात गाडी थांबली की हेडलाइट पिवळे पडायचे, मग ड्रायव्हर उगीच रेस देत बसायचा. अल्टरनेटर आला आणि हे दुखणं संपलं. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० मध्ये व्हॅलियंट गाडीला तो कारखान्यातूनच बसवून दिला. आपल्याकडे सगळीकडे पोचायला बराच वेळ लागला. नाव मात्र डायनामाच राहिलं. तेव्हा मिस्त्री "डायनामा खोलावा लागेल" म्हणाला तर त्याला अडाणी समजू नकोस.

आता हे यंत्र कसं चालतं ते विहिरीवरच्या पंपावरून समजून घे. बॅटरी म्हणजे घरावरची टाकी. अल्टरनेटर म्हणजे पंप. इंजिन चालू असेतो गाडीतले दिवे, पंखा, इंजिनाचा कॉम्प्युटर, सगळे पंपाच्या पाण्यावर चालतात आणि उरलेलं टाकीत जातं. टाकीचं खरं काम सकाळी एकदा सेल्फ मारायचं. पंपाच्या आत तयार होते ती उलटसुलट वाहणारी वीज, ती बॅटरीला चालत नाही. म्हणून आत सहा डायोड असतात (काही गाड्यांत जास्त), ते विजेला एकाच दिशेने जाऊ देतात. फूटव्हॉल्व्हच म्हण ना. आणि टाकी भरून वाहू नये म्हणून रेग्युलेटर. आपल्या गावाकडे फूटव्हॉल्व्ह गळका झाला की काय होतं ते तुला ठाऊक आहे: संध्याकाळी भरलेला पाइप सकाळी रिकामा. ही गोष्ट लक्षात ठेव, तुझ्या गाडीत हेच घडलंय.

टाकी रिकामी दिसली की टाकी बदलणारे लोक असतात. पण पंप चालतोय का, पाइप फुटलाय का, व्हॉल्व्ह गळतोय का, हे टाकीकडे बघून कळत नाही. मिस्त्रीचं डोकं इथंच लागतं, आणि यातलं बरंचसं तुला स्वतःला घरी करता येतं.

चावी फिरव, इंजिन चालू करू नकोस. डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चित्र लागलं पाहिजे, आणि इंजिन सुरू झालं की विझलं पाहिजे. लोक विझतंय का एवढंच बघतात. चावीला ते लागतच नसेल तर तेही वाईट, कारण पुष्कळ जुन्या गाड्यांत त्याच दिव्यातून जाणारा बारीकसा प्रवाह अल्टरनेटरला जागं करतो. दिवा उडाला की अल्टरनेटर धडधाकट असूनही झोपून राहतो. आणखी एक खूण दिवसा दिसत नाही. रात्री, दिवे नसलेल्या रस्त्यावर, त्या चित्रात निखाऱ्यासारखी बारीक धुगधुगी राहते का ते बघ. राहत असेल तर आत डायोड किंवा कार्बन ब्रश कुरकुरतोय असं धर.

कान आणि नाक यांनाही कामाला लाव. पावसाळी सकाळी गाडी सुरू करताच चिर्र असा आवाज येतो, हेडलाइट आणि एसी लावले की वाढतो आणि दोन मिनिटांनी जातो, तो बेल्ट घसरतोय. इंजिन बंद करून अंगठ्याने दाब. जुन्या पद्धतीच्या बेल्टला दोन पुलींच्या मध्ये साधारण एक सेंटिमीटर लवचीकपणा हवा. नव्या गाड्यांत ताण देणारी पुली आपोआप काम करते, तिथं बेल्टच्या आतल्या रेघा बघ: चकाकी आली असेल, भेगा असतील, एखादी रेघ तुटून गेली असेल तर बेल्ट बदल. बेल्टच्या आवाजापेक्षा वेगळी, घशात कफ अडकल्यासारखी घरघर असेल तर ती बेअरिंगची. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या अंगावर आणि मूठ कानाच्या हाडाला लावलीस की घरघर थेट डोक्यात ऐकू येते. हे करताना वेणी बांध, ओढणी काढून ठेव, बांगड्याही. बेल्ट कुणाला ओळखत नाही, आणि रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

सडक्या अंड्याचा वास आला, बॅटरीचं अंग फुगलं किंवा बल्ब पुन्हापुन्हा उडू लागले, तर दुखणं उलटं आहे: रेग्युलेटर सुटलाय आणि चार्जिंग जास्त होतंय. त्या दिवशी गाडी चालवू नकोस.

यापुढे मीटर लागतो. साधा डिजिटल मल्टिमीटर घे, तीन-चारशेचा पुरे. तो डीसी वीसवर ठेव. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत १२.६ म्हणजे टाकी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२ म्हणजे तळाला लागलेली. गाडी नुकतीच चालवून आलीस तर हा आकडा खोटा चढलेला असतो. दोन मिनिटं हेडलाइट लाव, बंद कर, थोडं थांब आणि मग बघ. सेल्फ मारताना कुणाला तरी मीटरकडे बघायला सांग: दहाच्या बरंच खाली गेला तर बॅटरीच थकली असण्याची शक्यता जास्त. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ हवा. मग थोडी रेस धरून हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं लाव. आकडा जरा उतरेल, पण १३.२ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असूनही १२.४ वरच बसलाय आणि हळूहळू घसरतोय, तर पंप पाणी उपसत नाही. पंधराच्या वर गेला तर ते वर सांगितलेलं रेग्युलेटरचं.

इथं एक सावधगिरी. अलीकडच्या कित्येक गाड्यांत अल्टरनेटर इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या हुकमावर चालतो. पेट्रोल वाचवायला तो मुद्दाम चार्जिंग कमी करतो, ब्रेक मारलास की वाढवतो. अशा गाडीत क्षणभर १२.८ दिसलं म्हणून अल्टरनेटरला फाशी देऊ नकोस. हेडलाइट लाव, पाच मिनिटं बघ, आकडा वर-खाली होतोय का ते पाहा. मारुतीच्या ज्या गाड्यांवर स्मार्ट हायब्रिड लिहिलेलं असतं, त्यांत तर वेगळा अल्टरनेटरच नाही. एकच यंत्र सेल्फचं काम करतं आणि चार्जिंगचंही. ती खोलायची भानगड घरी नको.

आणि आकडा कमी आला तरी लगेच अल्टरनेटर उतरवायला सांगू नकोस. इंजिन चालू, दिवे चालू ठेवून मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या जाड वायरच्या नटाला आणि दुसरं बॅटरीच्या प्लसला लाव. फरक ०.२, फार तर ०.३ व्होल्ट. मग अल्टरनेटरचं अंग आणि बॅटरीचं मायनस, तिथंही ०.२ च्या आत. जास्त असेल तर वीज तयार होतेय पण वाटेत अडतेय. गंजलेली अर्थिंगची पट्टी, ढिलं टर्मिनल, आतून हिरवी झालेली वायर. माझ्याकडे 'मेलेले' म्हणून आलेले कितीतरी अल्टरनेटर मी नुसता पॉलिश पेपर घासून परत पाठवलेत. अर्थात मिस्त्रीला त्यात काही मिळत नाही, म्हणून हे सहसा कुणी सांगत नाही.

आता तुझ्या गाडीचं. तुझ्या गाडीने या सगळ्या परीक्षा जवळजवळ पास केल्या होत्या. इंजिन चालू असताना १३.९. दिवा विझत होता. बेल्ट चांगला. त्या दुकानदाराला मी फार दोष देत नाही. त्याने चार्जिंग ठीक बघितलं, सकाळी बॅटरी ११.८ बघितली आणि बॅटरी विकली. त्याच्या जागी मी पंचविशीत असतो तर मीही हेच केलं असतं.

ती सकाळ आठवते का? जानेवारी, चामुंडीची टेकडी धुक्यात, रुळांकडून गाडीचा भोंगा, आणि तू शाल गुंडाळून दात वाजवत उभी. मी बॉनेट उघडलं आणि म्हणालो, हात लाव. तू इंजिनला लावलास. गार. रेडिएटर गार. बॅटरी गार, वर दव. "सगळं गारच आहे की मामा." म्हटलं, आता खाली डावीकडे, पुलीच्या मागचं ते जाळीदार भांडं. तू हात लावलास आणि चटकन मागे घेतलास, भाजला म्हणून नव्हे. रात्रभर गाडी बंद, आणि ते भांडं चुलीच्या वैलावर राहिलेल्या पातेल्यासारखं कोमट.

हाच वस्तादाचा कानमंत्र. इंजिन बंद असताना अल्टरनेटरमधून काहीही वाहता कामा नये. तो कोमट आहे याचा अर्थ डायोड गळतोय आणि बॅटरी रात्रभर त्याला ऊब देत बसलीय. एक अट आहे: गाडी किमान सात-आठ तास उभी हवी आणि उन्हाच्या आधी बघायला हवं, नाहीतर सगळंच कोमट लागतं. आणि गळती अगदी बारीक असेल तर हाताला कळतही नाही. म्हणून मीटर.

तो आपण असा लावला. आधी बॅटरीची मायनसची वायर काढली. मीटर दहा अँपिअरवर, लाल टोक मीटरच्या दहा अँपिअरच्या भोकात, आणि काढलेली वायर व मायनसचं टर्मिनल यांच्या मधे मीटर. दारं बंद, चावी दूर, अर्धा तास चहा. गाडीतला कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतो. झोपलेल्या गाडीने ०.०५ अँपिअरच्या आत खायला हवं. तुझी दोन खात होती. नऊ तासांची रात्र धर, अठरा अँपिअर-तास गेले. तुझी बॅटरी पस्तिसाची. अर्ध्याहून जास्त टाकी रातोरात विहिरीत, सकाळी सेल्फ काय मारणार? मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नकोस, मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समज.

मग मायनस सुटलेलंच ठेवून अल्टरनेटरची जाड वायर काढली आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळली. ती वायर कायम बॅटरीशी जोडलेली असते, मधे स्विच नाही. मायनस न काढता पाना लावलास आणि पाना इंजिनला टेकला तर ठिणग्यांची दिवाळी. पुन्हा मीटर लावला: ०.०३. गळती थांबली. आता शंकेला जागा उरली नाही.

खात्रीसाठी शेवटी सगळं जागेवर जोडून, इंजिन चालू करून, मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर बघितलं: ०.८. डायोड धड असतील तर हा आकडा ०.१ च्या आसपास राहतो, ०.५ च्या वर गेला की डायोडकडे बोट. पण हे माझ्या जुन्या चांगल्या मीटरवर. स्वस्त मीटर इथं फसतात. ज्यांच्या एसीची सुरुवातच दोनशेपासून असते ते बॅटरीवर अठ्ठावीस वगैरे दाखवतात, आणि टोकं उलटी लावली की शून्य. तसं दिसलं तर ती परीक्षा सोडून दे, गळतीचीच पुरे.

म्हैसूरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने डायोडची प्लेट बदलली. खोललाच आहे तर ब्रश आणि बेअरिंगही बदल, असं मी त्याला सांगितलं, कारण मजुरी तीच लागते. ब्रश पाच मिलिमीटरच्या खाली झिजले होते, सहा महिन्यांत तेही बोंबलले असते. अख्खा नवा अल्टरनेटर बसवा, असं कुणी म्हणालं तर आधी विचार: आतलं तांब्याचं वेटोळं जळलंय का? जळका वास नसेल आणि वेटोळं तांबूस दिसत असेल तर दुरुस्ती होते.

वस्तादाने आणखी दोन गोष्टी शिकवल्या, त्यांतली एक खरी आणि एक आता खोटी. खरी ही: चावी लावून, इंजिन न चालवता, स्क्रू-ड्रायव्हर अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्यायचा. लोखंड ओढलं गेलं तर आत चुंबक जागा आहे, ब्रशपर्यंत वीज पोचतेय. ओढलं नाही तर लाकडी मुठीने मागच्या अंगावर हलके टोले दे. टोल्याने चुंबक जागा झाला तर ब्रश अडकलाय किंवा संपत आलाय. जुन्या गाड्यांत हे हुकमी आहे, कॉम्प्युटरवाल्या नव्या गाड्यांत इंजिन फिरेपर्यंत चुंबक जागाच होत नाही.

दुसरी: "इंजिन चालू ठेव, बॅटरीचं टर्मिनल काढ. इंजिन बंद पडलं तर डायनामा गेला." डायनामाच्या आणि कार्ब्युरेटरच्या काळात हे चालून जायचं. मी ते आयुष्यभर केलं, दिमाखात केलं, आणि एका दुपारी माझ्याच गाडीवर केलं. इंजिन बंद पडलं नाही. पण पुन्हा सुरूही झालं नाही. बॅटरी ही उशीसारखी असते, विजेचे धक्के ती पोटात घेते. ती एकदम काढली की रेग्युलेटर सावरेपर्यंतच्या क्षणभरात दाब कित्येक पटींनी उसळतो, कधी शंभर व्होल्टच्या आसपास जातो. माझ्या गाडीचा कॉम्प्युटर त्यात गेला. ही चाचणी करून दाखवतो म्हणणारा मिस्त्री अजूनही भेटेल, वयाने माझ्याएवढा असेल. त्याला नमस्कार कर आणि बॉनेट बंद कर.

रस्त्यात दिवा लागला तर? आधी तापमानाचा काटा बघ. पुष्कळ गाड्यांत एकच बेल्ट अल्टरनेटरही फिरवतो आणि पाण्याचा पंपही. बेल्ट तुटला असेल तर इंजिन तापतं, तिथंच थांबायचं. तापमान ठीक असेल तर एसी, ब्लोअर, गाणी, मोबाइलचं चार्जिंग सगळं बंद, आणि इंजिन मात्र बंद करायचं नाही, कारण पुन्हा सेल्फ मारायला टाकीत काही उरणार नाही. भरल्या बॅटरीवर दिवसा तासभर किंवा थोडं जास्त जाशील. रात्री दोन हेडलाइटच दहा अँपिअर ओढतात, इंजिनाचा कॉम्प्युटर आणि पेट्रोलचा पंप मिळून आणखी तेवढंच, त्यात विजेवरचं स्टीअरिंग. अर्धा-पाऊण तास धर. स्टीअरिंग जड होऊ लागलं की वेळ संपत आली. जुन्या डिझेल जीपला याची फिकीर नव्हती, एकदा सुरू झाली की बॅटरी नसली तरी घरी पोचवायची. तुझी पोचवणार नाही.

त्यामुळे नंजनगूडच्या अलीकडे-पलीकडे दिवा लागला तर म्हैसूरकडे वळ, किंवा कडकोळला ये. कारखान्यांचा आणि कंटेनर डेपोचा रस्ता आहे, ट्रकवाल्यांमुळे इलेक्ट्रिशियन सापडतोच. पण मैत्रिणींबरोबर वायनाडला निघालीस आणि गुंडलुपेटच्या आसपास संध्याकाळी लाल चित्र दिसलं, तर पुढे एक किलोमीटरही जायचं नाही. बंदीपूरच्या जंगलातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७६६ रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, २००९ पासून. मधे गाडी बंद पडली तर मागून मदत यायची नाही, आणि बाहेर उतरून बॉनेट उघडायची ती जागा नव्हे. तिथं हत्ती असतात.

तुझी जुनी बॅटरी, जी तू डिकीत घालून आणलीस, ती माझ्या पडवीत आहे. सव्वा वर्षाचीच होती. तीन अँपिअरवर अर्धा दिवस हळूहळू चार्ज करून मी ती महिनाभर नुसती ठेवली. काल सकाळी मीटर लावला, १२.५ दाखवतोय. पुढच्या रविवारी येशील तेव्हा घेऊन जा.